फ्रेमबाहेरचा आवाज : पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या निवडीची उलटतपासणी

१

आमच्या घरी पहिला डिजिटल व्हिडिओ कॅमेरा आला तो २००३ च्या दसऱ्याला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि माझी आई नुकतीच आमच्याकडे कायमची राहायला आली होती. पुढच्या सहा वर्षांत मी त्या कॅमेऱ्यावर चौदा कॅसेटी भरल्या. मग मोबाइलमध्येच बऱ्यापैकी चित्रण होऊ लागले आणि कॅमेरा माळ्यावर गेला. २०११ साली आई गेली. गेल्या पावसाळ्यात मुलीने विचारले, "आजीचा आवाज कुठे आहे का गं आपल्याकडे?" तेव्हा मी डबा खाली काढला. या लेखाची सुरुवात त्या डब्यापासून आहे.

डब्यात कॅसेटींबरोबर आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका. दोन, खरेदीच्या आधी मी वहीच्या पानावर आखलेला तक्ता. चार मॉडेले आडवी, सात निकष उभे. झूम, पिक्सेल, रात्रीचे चित्रण, पडद्याचा आकार, वजन, बॅटरी, किंमत. महाविद्यालयात सिनेरसास्वाद शिकवणाऱ्या बाईने केलेला तक्ता आहे तो. त्यात ध्वनीसाठी रकाना नाही.

प्रस्तुत लेख खरेदीचा सल्ला नाही. घरगुती चित्रण हा एक प्रकार म्हणून आपल्या समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. लग्नाची कॅसेट हा विनोदाचा विषय, आणि बारशाची कॅसेट पाहुण्यांवर लादायची शिक्षा, एवढीच तिची नोंद. पण जो प्रकार लाखो घरांत निर्माण झाला त्याला काही संकेत असणार, काही सौंदर्यदृष्टी असणार. ती कुठून आली? माझे म्हणणे असे की, ती बऱ्याच अंशी कॅमेरा निवडतानाच ठरून गेली. खरेदीचे निकष हेच पुढे चित्रणाचे निकष झाले. ते निकष जवळजवळ सगळे डोळ्याचे होते. वीस वर्षांनी त्या फितींत जे मोलाचे ठरते आहे ते मात्र कानाचे आहे, आणि ते हाती लागेल की नाही हे ज्यावर अवलंबून आहे तो निकष तक्त्यात कुणीच लिहिला नव्हता.

२

त्या काळाची बाजारपेठ थोडक्यात सांगायला हवी. डीव्ही हा डिजिटल फितीचा साचा निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून ठरवला आणि १९९५ मध्ये त्याचे पहिले कॅमेरे आले. घरगुती वापराची छोटी कॅसेट ती मिनीडीव्ही. १९९९ मध्ये सोनीने डिजिटल८ आणला. त्यात जुन्याच ८ मिलिमीटरच्या कॅसेटवर डिजिटल नोंद व्हायची, आणि त्यातल्या काही मॉडेलांवर आधीच्या अॅनालॉग कॅसेटीही दिसायच्या. २००३ च्या सुमारास छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरेही दुकानात दिसू लागले. तबकडी काढली की थेट टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये, हे त्यांचे आकर्षण. पण ८ सेंटिमीटरच्या त्या तबकडीत चांगल्या दर्जाचे जेमतेम वीस-तीस मिनिटांचे चित्रण मावायचे. आपल्याकडे मात्र कंपनी कुठलीही असो, सगळे 'हँडीकॅम'च. सोनीने १९८५ मध्ये वापरायला सुरुवात केलेले हे नाव मराठी घरांत सामान्यनाम होऊन बसले.

दुकानदाराने माझ्यापुढे पहिला आकडा टाकला तो झूमचा. "मॅडम, सातशे पट झूम आहे. समोरच्या टेकडीवरच्या माणसाची मिशी दिसेल." कॅमेऱ्याच्या अंगावरही ७०० हाच आकडा ठळक होता. भिंगाचा खरा झूम १६ पट, आणि उरलेली मजल म्हणजे त्याच चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा करणे. ताणलेल्या चित्रात नवी माहिती येत नाही, ठिपके तेवढे फुगतात. शिवाय आमच्या दिवाणखान्याची लांबी चौदा फूट. सातशे पट काय, सोळा पटही तिथे कधी लागला नाही.

दुसरा आकडा पिक्सेलचा. आठ लाख पिक्सेलवाला कॅमेरा साहजिकच मला सरस वाटला. पण आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीची चौकट ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. संवेदकावर कितीही पिक्सेल असोत, फितीवर उतरणार ते एवढेच. जास्तीचे पिक्सेल स्थिरचित्रे काढायला किंवा हाताचा कंप सावरायला उपयोगी पडत. पण संवेदक तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड कमी होतो, आणि घरात उजेडच कमी असतो. चाळीतली खोली, देवघरातला दिवा, कार्तिकातली संध्याकाळ, केक कापताना घालवलेले दिवे. घरगुती चित्रणाचे सगळे प्रसंग अंधुक उजेडातले. तिथे मोठा संवेदक आणि चांगले भिंग हवे. प्रकाशाची गरज सांगणारा लक्सचा आकडा माहितीपत्रकांत असे, पण निरनिराळ्या कंपन्या तो निरनिराळ्या रीतीने काढत, त्यामुळे दोन पत्रके शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नव्हता.

घरातल्या उजेडाचा आणखी एक धडा आमच्या कुटुंबाने आधीच घेतला होता. नव्वदच्या दशकात माझ्या दिरांनी अमेरिकेहून एक अॅनालॉग कॅमेरा पाठवला होता. अनेक मराठी घरांत पहिला कॅमेरा असाच आला, परदेशी गेलेल्या मुलाची भेट म्हणून. तो अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला साठ अर्ध्या चौकटी टिपणारा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. साठ आणि शंभराचा मेळ बसत नाही. पाल कॅमेऱ्याच्या पन्नासाशी तो बसतो. परिणामी सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे सगळे चित्रण लुकलुकते आहे. भेटीत प्रेम होते, पण कॅमेरा ज्या भिंतींमध्ये चालणार त्या भिंतींचा विचार नव्हता.

३

आता या निकषांनी चित्रणाचे काय केले ते पाहू. माझ्याच कॅसेटी मी पुरावा म्हणून घेते, कारण दुसऱ्याच्या घरगुती चित्रणावर टीका करण्याचा अधिकार मला नाही.

पहिल्या कॅसेटीत झूम सतत चालू आहे. मुलगी किल्ल्यावर मावळे मांडते आहे आणि मी तिच्या बोटांवर जाते, चेहऱ्यावर जाते, परत येते. ज्याचे पैसे मोजले ते वापरून पाहणे हा मनुष्यस्वभाव. पण प्रत्येक झूम म्हणजे एक निवड, आणि प्रत्येक निवड म्हणजे आजूबाजूचे काही बाहेर टाकणे. आज मला मावळा धरलेल्या बोटांपेक्षा मागची भिंत पाहायची असते. तिथे कुठले कॅलेंडर होते, कोनाड्यात कोणता रेडिओ होता, दाराशी कोण उभे होते.

या संदर्भात चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभच आठवतो. लुमिएर बंधूंच्या १८९५ च्या पहिल्या चित्रफितींपैकी एकीत ऑग्यूस्त लुमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवत आहेत. म्हणजे घरगुती चित्रण हा सिनेमाचा उपप्रकार नसून जवळपास त्याचा उगम आहे. त्या काळच्या प्रेक्षकांना बाळाइतकीच, किंबहुना अधिक, नवलाई वाटली ती मागे वाऱ्याने हलणाऱ्या पानांची, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगत आले आहेत. पाने कुणी चित्रित करायला घेतली नव्हती. ती चौकटीत राहिली, कारण कॅमेरा हलला नाही.

मग कॅमेरा सतत हलवण्याची, निवडण्याची सवय कुठून आली? अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया झिमरमन यांनी 'रील फॅमिलीज' या १९९५ च्या ग्रंथात हौशी चित्रणाचा सामाजिक इतिहास मांडला. हौशी माणसाच्या हातात आलेले साधन जाहिराती, मार्गदर्शक पुस्तके आणि मासिके यांनी हळूहळू कुटुंबाच्या अंगणात कसे बांधून ठेवले, आणि तिथेही व्यावसायिक सिनेमाचे नियम आदर्श म्हणून कसे लादले, हे त्या दाखवतात. तो इतिहास अमेरिकेचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याला लागू होणार नाही. पण माझ्या माहितीपुस्तिकेतली चित्रे पाहताना तो आठवतो. समुद्रकिनारा, फुगे, केक, आणि सगळे हसरे. स्वयंपाकघराचे चित्र एकही नाही.

आमच्या घरात आईचा दिवस स्वयंपाकघरात आणि त्याच्या उंबऱ्यावर जाई. ती चौकटीत फारशी नाही. तिसऱ्या कॅसेटीत मुलीचा वाढदिवस आहे. आई केकच्या टेबलामागून पाण्याचे ग्लास घेऊन जाते आणि माझा आवाज ऐकू येतो, "आई, जरा बाजूला हो ना, मध्ये येतेस." ती लगेच बाजूला होते. पाठोपाठ तिचा आवाज, "हो गं बाई, झाले. तू काढ." त्या कॅसेटीत मला हवे असलेले माणूस मी स्वतः फ्रेमबाहेर घालवले. त्याला कारण माझा स्वभाव, हे खरेच. पण चांगले चित्र म्हणजे मध्ये कुणी न येणारे चित्र, ही कल्पना माझ्या एकटीची नव्हती.

एका बाबतीत मात्र नव्या कॅमेऱ्याने चित्रण बदलले आणि ते चांगल्यासाठी. बाजूला उघडणारा छोटा पडदा. डोळा भिंगाच्या नळीला चिकटवायची गरज उरली नाही. काढणाऱ्याचा चेहरा मोकळा झाला आणि समोरच्याला कॅमेऱ्याशी न बोलता माणसाशी बोलता येऊ लागले. माझ्या कॅसेटींतले सगळ्यात जिवंत संवाद असे आहेत. मी पडद्याकडे पाहायचे विसरले आहे, चौकट तिरकी झाली आहे, अर्धे डोके कापले गेले आहे, आणि मुलगी मला शाळेतले भांडण सांगते आहे. तक्त्यात पडद्याचा रकाना होता, पण मी तिथे फक्त इंच लिहिले होते.

४

ध्वनीकडे येऊ. घरगुती कॅमेऱ्याचा मायक्रोफोन त्याच्या अंगातच असतो, म्हणून त्याला सगळ्यात जवळचा आवाज ऐकू येतो तो कॅमेऱ्याचाच. फीत फिरवणाऱ्या मोटरची घरघर, झूमच्या खटक्याची किरकिर, काढणाऱ्याचा श्वास. त्यात आवाजाची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा. खोलीत शांतता झाली की ती आवाज वर ओढते आणि घरघर वाढते. कुकरची शिट्टी झाली की सगळे दाबून टाकते, आणि शिट्टीनंतरचे एक-दोन शब्द बुडतात. बाहेरचा मायक्रोफोन जोडायचे आणि ऐकून पाहायला हेडफोन लावायचे छिद्र असते तर निम्मे काम सोपे झाले असते. स्वस्त मॉडेलांत पहिली गदा त्या छिद्रांवरच येई. मी ज्या चार मॉडेलांत निवड केली त्यांपैकी एकाला दोन्ही छिद्रे होती. पत्रकात ती अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. ते मॉडेल मी झूम कमी म्हणून नाकारले.

डीव्हीच्या ध्वनीची रचना मात्र विलक्षण आहे, आणि ती मला आत्ता आत्ता कळली. ध्वनी नोंदवायचे दोन मार्ग होते. १६ बिटमध्ये दोन ध्वनिमार्ग, अधिक चांगल्या दर्जाचे. १२ बिटमध्ये चार, त्यांपैकी दोन चित्रण करतानाच्या आवाजाचे आणि दोन कोरे. ते कोरे मार्ग कशासाठी? नंतर कधीतरी कॅसेट लावून बसावे आणि तिच्यावर आपले निवेदन बोलावे, यासाठी. पुष्कळ घरगुती कॅमेरे कारखान्यातूनच १२ बिटवर लावलेले येत. म्हणजे साचा ठरवणाऱ्या अभियंत्यांनी असे गृहीत धरले होते की, घरातले कुणीतरी पुन्हा या फितीपाशी येईल आणि सांगेल, हा अमुक, हे तमुक वर्ष, ही आत्या. आमच्या प्रत्येक कॅसेटीत ही जागा ठेवलेली होती. आई असताना तिला समोर बसवून ती भरता आली असती. ते सुचले नाही ते नाहीच, पण पुढे सांगते त्या कारणाने सुचले असते तरी जमले नसते.

व्यावसायिक दिग्दर्शकांनी हेच छोटे कॅमेरे हातात घेतले तेव्हा काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. थॉमस विंटरबर्गचा १९९८ चा 'फेस्टन' घरगुती वापराच्या सोनीच्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झाला. वडिलांची साठी, जमलेले नातलग, भाषणे. आपल्याकडे षष्ट्यब्दीच म्हटली असती. ज्या समारंभाचे चित्रण करायला असे कॅमेरे विकले गेले, त्याच समारंभात मुलगा भर जेवणात उभा राहून वडिलांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी बोलतो. डोग्मे चळवळीच्या नियमांप्रमाणे चित्र आणि ध्वनी वेगवेगळे निर्माण करायचे नव्हते, म्हणून तिथल्या काट्याचमच्यांचा आवाजही त्या सत्याचा भाग होतो. हसऱ्या कुटुंबाची पुस्तिकेतली प्रतिमा त्याच यंत्राने मोडली. अॅन्येस वार्दा यांनी २००० सालच्या वेचणाऱ्या माणसांवरच्या माहितीपटात छोटा डिजिटल कॅमेरा वापरला. एका हाताने आपल्याच दुसऱ्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या हाताचे चित्रण केले. एकदा कॅमेरा बंद करायचे राहून गेले आणि लोंबणाऱ्या भिंगाच्या झाकणाचे चित्रण झाले. तेही त्यांनी काढून न टाकता चित्रपटात ठेवले.

हे चित्रपट मी वर्गात शिकवले आहेत. झाकणाच्या दृश्यावर विद्यार्थी हसायचे आणि मी त्यांना सांगायची की इथे दिग्दर्शिका अपघाताला कलेत जागा देते आहे. घरी मात्र चुकून चालू राहिलेले चित्रण मी मागे जाऊन पुसत होते. फीत वाया जाऊ नये म्हणून.

५

फीत वाया जाऊ नये, या काटकसरीने खरा घात केला. मिनीडीव्हीची साधी कॅसेट एक तासाची. कॅमेऱ्यात एलपी नावाची सोय असे. फीत सावकाश फिरायची आणि त्याच कॅसेटीत दीड तास मावायचा. डिजिटल नोंद असल्याने चित्राचा दर्जा उतरत नाही, हे दुकानदाराने सांगितले आणि ते खरे होते. जे त्याने सांगितले नाही आणि पुस्तिकेत लिहिलेले असून मी वाचले नाही, ते असे. साध्या वेगात फितीवरची प्रत्येक नोंदपट्टी १० मायक्रॉन रुंद असते. एलपीमध्ये ती ६.७ मायक्रॉन होते. एवढ्या अरुंद पट्टीवर दुसऱ्या यंत्राचे हेड नेमके बसेलच असे नाही. ज्या कॅमेऱ्यावर नोंद केली त्यावर ती नीट दिसते, इतरांवर चौकोनांचा सडा पडतो आणि आवाज तुटतो. शिवाय एलपीमध्ये त्या कोऱ्या ध्वनिमार्गांवर नंतर बोलताही येत नाही. चौदापैकी अकरा कॅसेटी मी एलपीत भरल्या आहेत. आणि माझ्या कॅमेऱ्याची फीत ओढणारी यंत्रणा माळ्यावर गंजून बंद पडली आहे.

त्या वेळीच संगणकात का उतरवल्या नाहीत, असे कुणी विचारील. डीव्हीचे एक तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी जागा घेते. आमच्या तेव्हाच्या संगणकाची डिस्क ४० जीबीची होती. फायरवायर नावाची वेगळी तार लागायची, आणि तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागायचा. तेव्हा 'करू सावकाश' वाटले. आज जागा मुबलक आहे, पण त्या तारेचे छिद्र नव्या लॅपटॉपला नाही. ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. युनेस्को आणि ध्वनि-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी धोक्याचा इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला. फिती टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग २०२५ च्या आसपास दुर्मिळ होतील, असे त्यात म्हटले होते. मोठमोठ्या संग्रहालयांपुढचा हा प्रश्न आपल्या माळ्यावरच्या डब्यापुढेही आहे, फक्त तिथे संग्रहपाल नाही.

म्हणून निवडीच्या तक्त्यात पहिला निकष असायला हवा होता तो हा : यातले चित्रण आणखी कुणाच्या यंत्रावर दिसेल? या एका प्रश्नापुढे माझे सातही रकाने दुय्यम ठरतात. तो विचारला असता तर मिनीडीव्ही ही निवड बरोबरच ठरली असती. तो बऱ्याच कंपन्यांचा सामाईक साचा होता आणि त्यात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे नोंदली जाते, त्यामुळे संकलनही सोपे. चूक निवडीत नव्हती, वापरात होती. वापर निवडीच्या मनोवृत्तीतूनच आला. आकडा मोठा तो चांगला, मग तो झूमचा असो की मिनिटांचा.

आज पहिला कॅमेरा निवडणारे कुणी भेटत नाही, कॅमेरा मोबाइलबरोबर आपसूक येतो. पण जाहिरातीतला पिक्सेलचा आकडा तोच आहे, झूमचाही तोच. आणि चित्रण कुठे राहते, दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये सगळे जाते का, आपल्यामागे ते उघडायचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे प्रश्न आजही दुकानात कुणी विचारत नाही.

आमच्या कॅसेटींचे पुढे काय झाले ते सांगते. शहरातल्या एका कारागिराने माझ्याच मॉडेलचा दुसरा जुना कॅमेरा मिळवला आणि चिकाटीने एकेक कॅसेट लावून पाहिली. साध्या वेगाच्या तिन्ही उतरल्या. एलपीतल्या अकरापैकी सात कमीअधिक उतरल्या. त्यांतल्या एकीत, २००६ च्या दिवाळीत, मी कॅमेरा चालूच ठेवून ओट्यावर विसरले आहे. चित्रात फ्रिजची कडा आणि भिंतीचा तुकडा आहे. चार मिनिटे आई आणि मुलगी बोलत आहेत. करंजीची कड कशी मुडपायची, जास्त भरलीस तर फुटेल, फुटली तर फुटली, तळून खाऊ आपण दोघी. मधेच कुकरची शिट्टी होते आणि पुढचे दोन शब्द बुडतात. मग माझी पावले येतात, मी म्हणते, "अगंबाई, हा चालूच राहिला," आणि चित्रण थांबते.

मुलीने ती चार मिनिटे आपल्या फोनवर घेतली आहेत आणि मी आणखी दोन ठिकाणी ठेवली आहेत. बुडालेले दोन शब्द काय असतील यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. उरलेल्या चार कॅसेटी कारागिराकडेच आहेत. दिवाळीनंतर पुन्हा प्रयत्न करतो म्हणालाय.